गोडस्पेल, गॉडस्पेल, गॉस्पेल : एका जुन्या इंग्रजी धर्मवाचक सामासिक शब्दाचे अक्षरविभाजन आणि खानदेशातील काही समांतर शब्द

प्रास्ताविक

इंग्रजी भाषेचा इतिहास शिकविताना 'गॉस्पेल' हा शब्द कधी ना कधी फळ्यावर येतोच. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या चार ख्रिस्ती ग्रंथांचे हे इंग्रजी नाव आहे. वर्गात त्याची फोड 'गॉड' अधिक 'स्पेल', म्हणजे देवाचे वचन, अशी सहज केली जाते. ही फोड ऐकायला पटते आणि लक्षातही राहते. परंतु ती शब्दाच्या मूळ अर्थाशी जुळत नाही. मुळात या शब्दात देव नव्हता. त्याचा पहिला अवयव 'चांगला' या अर्थाचा होता. देव तेथे नंतर आला, आणि तो कोणत्याही धर्मशास्त्रीय निर्णयाने आला नाही, एका स्वराची लांबी कमी झाली म्हणून आला.

प्रस्तुत निबंधात या शब्दाचा उच्चार कसकसा बदलत गेला आणि त्याच्या दोन अवयवांमधील सांधा कोठून कोठे सरकला याचा मागोवा घ्यावयाचा आहे. जळगाव-धुळे परिसरातील अध्यापकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे की, सामासिक शब्दाचा सांधा झिजणे आणि झिजलेल्या सांध्यावर नवा अर्थ उगवणे ही घटना आपल्या अंगणातही घडलेली आहे. चांगदेव, खानदेश आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील शुभवर्तमान या तीन शब्दांना तोच प्रश्न विचारता येतो.

दीर्घ स्वर आणि ह्रस्व स्वर

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'चांगली बातमी' असा होता. लॅटिनने तो 'इव्हांजेलियम' या रूपात जवळजवळ जसाच्या तसा उचलला. इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म गेल्यावर तेथील धर्मोपदेशकांनी त्याचा अवयवशः अनुवाद केला. 'चांगला' या अर्थी जुन्या इंग्रजीत दीर्घ ओकाराचा शब्द होता. मराठी कानाला तो थेट 'गोड' असा ऐकू येईल. आपल्या 'गोड' शब्दाशी त्याचे काहीही नाते नाही, हा निव्वळ ध्वनीचा योगायोग आहे. पण वर्गात तो फार उपयोगी पडतो. 'स्पेल' म्हणजे बोलणे, कथा, वार्ता. तेव्हा 'गोड-स्पेल' म्हणजे चांगली वार्ता. याच भाषेत 'देव' या अर्थाचा शब्द निराळा होता आणि त्यातील स्वर ह्रस्व होता. तो सोयीसाठी 'गॉड' असा लिहू. दोन्ही शब्दांची व्यंजने एकच, भेद केवळ स्वराच्या मात्रेचा. आजच्या इंग्रजीतील 'गुड' आणि 'गॉड' हे त्यांचेच वंशज होत, आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यांचा परस्परांशी संबंध नाही.

अडचण लिपीची होती. जुन्या इंग्रजीच्या हस्तलिखितांत स्वराचे दीर्घत्व नियमितपणे दाखविलेले नसते. त्यामुळे 'गोड' आणि 'गॉड' हे दोन्ही शब्द कागदावर सारखेच दिसत. मोडी वाचणाऱ्यास हे सांगावे लागू नये. मोडीत इकार-उकारांचा ह्रस्व-दीर्घ भेद चिन्हाने दाखविला जात नाही आणि वाचक संदर्भाने निभावून नेतो. बोलणाऱ्याच्या तोंडी मात्रा शाबूत आहे तोवर लिपीचे हे मौन कोणाला बाधत नाही. येथे मात्र बोलणाऱ्याच्या तोंडीच मात्रा बदलली.

जुन्या इंग्रजीत एक ध्वनिनियम फार लवकर लागू झाला : दीर्घ स्वरानंतर तीन व्यंजने लागोपाठ आली की तो स्वर ह्रस्व होतो. 'गोड-स्पेल' मध्ये ड, स आणि प अशी तीन व्यंजने लागोपाठ येतात. तेव्हा 'चांगला' हा शब्द स्वतंत्रपणे दीर्घच राहिला, आणि समासात मात्र ह्रस्व झाला. परिणामी समासातील पहिला अवयव उच्चाराने 'देव' या शब्दाशी एकरूप झाला. ज्याला लॅटिन येत होते त्याला मूळ अर्थ ठाऊक होता. ज्याला येत नव्हते त्याने ऐकू आला तो अर्थ घेतला.

प्राकृताचा अभ्यास केलेल्यांना हा नियम ओळखीचा वाटेल. संस्कृत 'मार्ग' प्राकृतात 'मग्ग' झाला, 'रात्रि' ची 'रत्ति' झाली, 'कार्य' चे 'कज्ज' झाले. जोडव्यंजनापूर्वी दीर्घ स्वर टिकला नाही. पुढे मराठीत जोडव्यंजन सैल झाले आणि स्वर पुन्हा दीर्घ झाला : माग, रात, काज. दोन भाषांचा परस्परांशी संपर्क नसताना दोघींनी एकच काटकसर केली. एका अक्षराच्या पोटात दीर्घ स्वर आणि व्यंजनांची गर्दी दोन्ही मावत नाहीत. कोणीतरी जागा सोडावी लागते.

ह्रस्वीकरण किती जुने आहे याचा पुरावा इंग्लंडबाहेर सापडतो. आठव्या शतकात इंग्लंडमधील धर्मोपदेशक जर्मन प्रदेशात गेले आणि हा शब्द आपल्याबरोबर घेऊन गेले. जुन्या जर्मनमध्ये 'देव' आणि 'चांगला' हे शब्द उच्चाराने स्पष्टपणे वेगळे होते, तेथे घोटाळ्याला वाव नव्हता. तरीही तेथील रूपात पहिला अवयव 'देव' याच अर्थाचा दिसतो. आइसलँडच्या भाषेतही तसेच आहे, आणि तेथे तो शब्द आजही त्याच रूपात वापरात आहे. याचा अर्थ असा की, शब्द परदेशी गेला तेव्हाच ऐकणाऱ्यांना त्यात देव ऐकू आला होता.

ऑर्मची साक्ष

या संपूर्ण प्रकरणात सर्वांत विश्वसनीय साक्षीदार बाराव्या शतकातील ऑर्म नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक आहे. त्याने 'ऑर्म्युलम' हे दीर्घ पद्यमय विवरण रचले. त्याची एकच प्रत उपलब्ध असून ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. काव्य म्हणून हा ग्रंथ कंटाळवाणा आहे, हे त्याचे चाहतेही नाकारणार नाहीत. परंतु ऑर्मला एका गोष्टीचा ध्यास होता : वाचणाऱ्याने उच्चार चुकवू नये. त्यासाठी त्याने स्वतःचे लेखननियम बनविले. अक्षर व्यंजनान्त असून स्वर ह्रस्व असेल तर पुढचे व्यंजन तो दोनदा लिहितो, दीर्घ असेल तर एकदाच. नक्कल करणाऱ्यांनी आपली दुहेरी अक्षरे गाळू नयेत अशी ताकीदही त्याने देऊन ठेवली आहे. ह्रस्व-दीर्घावरून विद्यार्थ्यांच्या वह्या लाल करणाऱ्या आपल्या मराठी प्राध्यापकांना हा माणूस जवळचा वाटावा.

आता ऑर्म हा शब्द कसा लिहितो ते पाहावे. समासात तो 'ड' दोनदा लिहितो, म्हणजे स्वर ह्रस्व. आणि त्याच ग्रंथात शब्दाचा अर्थ सांगताना तो 'चांगले वचन, चांगली वार्ता' असा सांगतो. तेथे 'चांगला' हा शब्द एका 'ड' ने लिहिलेला आहे, म्हणजे स्वर दीर्घ. एकाच लेखणीतून उच्चार 'गॉड-स्पेल' आणि अर्थ 'गोड' असे दोन्ही उतरले आहेत. अर्थ आणि उच्चार यांची फारकत झाल्यानंतरही सुशिक्षित माणसाच्या मनात मूळ अर्थ कसा टिकून होता, याचा याहून नेमका पुरावा मिळणे कठीण. केवळ अर्थ सांगणारा ग्रंथ मिळाला असता तर स्वर दीर्घच होता असे आपण मानले असते, आणि केवळ लेखन मिळाले असते तर ऑर्मलाही त्यात देव दिसत होता असा निष्कर्ष काढला असता.

'स' चे स्थलांतर

यानंतरचा टप्पा अक्षरविभाजनाचा आहे. 'गॉड-स्पेल' या उच्चारात सांधा 'ड' नंतर पडतो आणि 'स' दुसऱ्या अक्षरात आहे. तीन व्यंजनांच्या गर्दीत मधल्या इंग्रजीच्या काळात 'ड' गळाला. चौदाव्या शतकातील बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत 'ड' विरहित रूप रूढ झालेले दिसते. 'ड' गेल्यावर पहिले अक्षर उघडे पडले. तेव्हा 'स' मागे सरकला आणि 'गॉस्-पेल' अशी नवी विभागणी झाली. आजचे इंग्रजी कोश हीच विभागणी देतात. म्हणजे सांधा मूळ जागेवरून एक व्यंजन पुढे गेला. आता पहिल्या अक्षरात ना देव उरला ना चांगुलपणा, आणि दुसऱ्यात 'स्पेल' ही उरला नाही. पहिल्या अक्षरावर आघात, दुसऱ्यातील स्वर मंद, असा तो एकजीव शब्द झाला.

'गॉसिप' या शब्दाची कथा याच वळणाची आहे. तोही जुना धर्मवाचक समास : 'गॉड-सिब', म्हणजे देवाच्या नात्याने झालेला नातलग, बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता किंवा धर्ममाता. येथे मात्र देव खराखुरा होता. तेथेही 'ड' गळाला, सांधा बुजला. धर्मनात्याचा माणूस आधी जिवलग झाला, मग गप्पिष्ट, आणि शेवटी गप्पा आणि कुचाळक्या. देव नसलेल्या शब्दात देव शिरला आणि असलेल्या शब्दातून निघून गेला.

१५२५ मध्ये विल्यम टिंडेल याने नव्या कराराचे भाषांतर छापावयास घेतले, तेव्हा प्रस्तावनेत त्याला या शब्दाचा अर्थ 'आनंदाची चांगली बातमी' असा उलगडून सांगावा लागला. शब्द प्रचारात होता, पण त्याच्या पोटात काय आहे हे आता शब्दाकडे पाहून कळत नव्हते.

येथे आपल्या वर्गातील एका व्यावहारिक अडचणीकडे वळले पाहिजे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी 'गॉस्पेल' चे विभाजन 'गॉ-स्पे-ल' असे करतो. त्याचे कारण अज्ञान नसून देवनागरी आहे. देवनागरीत 'स्पे' हे एक अक्षर म्हणून लिहिले जाते आणि शेवटचा 'ल' स्वतंत्र दिसतो. लिपीतील अक्षर आणि उच्चारातील अक्षर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याला आपणच सांगितलेले नसते. वास्तविक आपल्या परंपरेला हा भेद पुरता ठाऊक होता. संयोगातील पहिले व्यंजन मागील स्वराचे अंग मानावे असा नियम तैत्तिरीय प्रातिशाख्यात आहे. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू धरावे हा छंदःशास्त्रातील नियम त्याच जाणिवेवर उभा आहे. 'स्' मागच्या अक्षरात मोजला जातो म्हणूनच ते जड होते. शार्दूलविक्रीडिताचे गण पाडता येणाऱ्या विद्यार्थ्याला 'गॉस्-पेल' समजावण्यासाठी परदेशी पुस्तकाची गरज नाही. शिवाय घरी 'शाया' म्हणणारे आणि वहीत 'शाळा' लिहिणारे आमचे अहिराणीभाषक विद्यार्थी लेखन आणि उच्चार यांतील अंतर रोजच पार करीत असतात. त्या अनुभवाचा अध्यापनात उपयोग होत नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

मराठीतील शुभवर्तमान

हीच 'चांगली वार्ता' भारतात आली तेव्हा तिचे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. गोव्यात ती पोर्तुगीजांमार्फत आली आणि कोंकणीत 'वांजेल' झाली. ग्रीक शब्दातील 'चांगला' या अर्थाचा पहिला अवयव येथे उच्चारातून पूर्णपणे गळून गेला आहे. बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनने १८०० मध्ये मत्तयाचा ग्रंथ छापला तो 'मंगल समाचार' या नावाने. त्याच मिशनने १८०५ मध्ये मराठीतील मत्तय देवनागरीत आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मोडीत छापला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात पुढे 'शुभवर्तमान' आणि 'सुवार्ता' हे दोन शब्द स्थिरावले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीला या शब्दातील 'शुभ' कोठून आले हे सांगण्याची गरज नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी आणि स्कँडिनेव्हियन पार्श्वभूमीची मिशने खानदेशात काम करीत होती. त्यांच्या मराठी उपासनेतही हेच शब्द होते.

इंग्रजीने जो अवयव गमावला तो मराठीने अशा रीतीने शाबूत राखला. 'शुभ्-वर्-त-मान' असा उच्चार करताना सांधा अजून कानाला लागतो. पण हा शब्दही सुरक्षित आहे असे समजू नये. येथे धोका पहिल्या अवयवाला नसून दुसऱ्याला आहे. 'वर्तमान' म्हणजे बातमी, हा अर्थ जुन्या पत्रव्यवहारात सर्रास आढळतो आणि 'वर्तमानपत्र' या शब्दात तो गोठून राहिला आहे. एरवी आजच्या विद्यार्थ्याला 'वर्तमान' म्हटले की काळ आठवतो. 'स्पेल' चेही असेच झाले. वार्ता हा अर्थ मागे पडला आणि मंत्र, जादू हा अर्थ राहिला. 'शुभवर्तमान' चा अर्थ उद्या कोणी 'चांगला चालू काळ' असा सांगितला, तर ते 'देवाचे वचन' या व्युत्पत्तीच्याच जातीचे होईल. 'सुवार्ता' या शब्दाला ती भीती कमी, कारण 'वार्ता' अजून जिवंत आहे.

खानदेशातील दोन नावे

आता खानदेशाकडे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये विद्वानांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू आणि यादवांच्या दरबारातील ज्योतिषी चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाची हकीकत त्यात असून, लेखाचा मुख्य भाग संस्कृत आणि शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव या गावाशी ज्या योगी चांगदेवांचे नाव जोडले जाते, ते निराळे. दोघांच्या नावाचा घाट मात्र एकच.

प्राकृत 'चंग' म्हणजे सुंदर, चांगला. तेव्हा 'चांगदेव' या नावात 'चांगला' आणि 'देव' हे दोन्ही अवयव शेजारी शेजारी उभे आहेत. इंग्रजीत ज्या दोन शब्दांची गल्लत झाली ते येथे एका नावात सुखाने नांदतात. स्वराच्या मात्रेची दिशाही नेमकी उलट आहे. संस्कृत लेखातील 'चङ्ग' मध्ये अ ह्रस्व, कारण पुढे संयोग. मराठीत तो संयोग सैल झाला आणि 'चांग' दीर्घ झाला. तिकडे दीर्घाचा ह्रस्व होऊन अर्थ हरवला, इकडे ह्रस्वाचा दीर्घ होऊनही हरवला नाही, कारण 'चांगला' हा शब्द त्याच्याबरोबर वाढत गेला. उच्चार बदलल्याने अर्थ जातोच असे नाही. सुट्या शब्दाशी समासातील अवयवाची ताटातूट झाली तरच तो जातो.

दुसरे नाव खुद्द प्रदेशाचे. 'खानदेश' ची प्रचलित उपपत्ती अशी की, गुजरातचा सुलतान पहिला अहमदशहा याने फारुकी घराण्यातील मलिक नसीर यास 'खान' हा किताब दिला, आणि त्यावरून प्रदेशाला नाव पडले. दुसरी उपपत्ती 'कान्हदेश', म्हणजे कृष्णाचा देश. अलीकडे ही दुसरी उपपत्ती अधिक आवडीने सांगितली जाते. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ती अशक्य नाही. महाप्राणता शब्दाच्या आरंभाकडे सरकल्याची उदाहरणे आपल्या भाषांत आहेत. 'गृह' चे 'घर' झाले ते असेच. शिवाय 'कान्ह्-देश' असा उच्चार करताना न, ह आणि द यांची गर्दी होते. त्यातील मधला 'ह' गळणे किंवा सरकणे हे 'गॉडस्पेल' मधील 'ड' गळण्याइतकेच स्वाभाविक. परंतु ध्वनिनियम एखादा बदल शक्य आहे एवढेच सांगतो, तो घडला असे सांगत नाही. त्यासाठी फारुकींच्या पूर्वीच्या लेखात 'कान्हदेश' हे रूप दाखवावे लागेल. यादवकालीन लेखांत या बाजूच्या प्रदेशासाठी 'सेउणदेश' हे नाव भेटते. अर्थ आवडतो म्हणून व्युत्पत्ती स्वीकारणे ही 'देवाचे वचन' पद्धत झाली. ती इंग्रजीच्या तासाला चूक आणि इतिहासाच्या तासाला बरोबर ठरू शकत नाही.

एका गोष्टीचा पुरावा मात्र निश्चित आहे. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि हा प्रांत शाहजादा दानियाल याच्याकडे सोपवून त्याचे नाव 'दानदेश' ठेवले. नवे नाव घडविताना दरबाराने सांधा कोठे धरला हे त्यात उघड दिसते : 'खान' काढून 'दान' बसविले, 'देश' जागेवर ठेवला. म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभी ऐकणाऱ्यांना पहिल्या अवयवात 'खान' ऐकू येत होता. जर्मन भूमीवरील ऐकणाऱ्यांनी 'गॉड' ऐकला त्या साक्षीसारखीच ही साक्ष आहे; शब्द कसा ऐकला गेला ते ती सांगते, कोठून आला ते नाही. 'दानदेश' टिकले नाही. जुने नाव परत आले, १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश अशा दोन जिल्ह्यांत वाटले गेले, आणि जिल्ह्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाल्यावरही बोलण्यात राहिले. लिहिताना आपण अजून त्याची दोन रूपे वापरतो. 'खानदेश' मध्ये सांधा डोळ्यांना दिसतो. 'खान्देश' मध्ये 'न' आणि 'द' एकमेकांना चिकटले आहेत आणि तो दिसत नाही. उच्चार दोन्हींचा एकच : खान्-देश.